प्लगच्या पोटातला फ्यूज



आजच्या गोष्टीची सुरुवात एका वासापासून करतो. जळक्या प्लास्टिकचा वास. आपल्यापैकी जे गेल्या गणपतीत आरतीला हॉलवर होते, त्यांनाही तो आला असेल. बहुतेकांना वाटलं कापूर जास्त झाला. मीही आधी तसंच समजलो, पण कापूर विझला तरी वास जाईना, तेव्हा मी स्वयंपाकघराकडे गेलो.

तिथे एका टेबलाखाली एक्स्टेन्शनचं जुनं रीळ होतं. ते मीच घरून आणलं होतं आणि मीच लावलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्यावर चहाचा मोठा बॉयलर होता, अडीच हजार वॉटचा, आणि वरण-भात गरम ठेवायची दीड हजार वॉटची शेगडी. रिळाची दोन हात वायर बाहेर काढून बाकीची तशीच गुंडाळलेली. हात लावला तर रीळ इस्त्रीसारखं तापलं होतं. वायरचे वेढे एकमेकांना चिकटले होते. दोन्ही प्लग ओढून काढले, रीळ बाहेर पार्किंगमध्ये नेऊन ठेवलं, आणि आत येऊन मंत्रपुष्पांजली म्हटली. आवाज जरा कापत होता.

नंतर मंडळातले एक काका म्हणाले, "अरे, पण फ्यूज उडाला नाही ना? मग लोड बरोबरच होता." मला उत्तर देता आलं नाही. इंजिनिअरिंग करून, त्यावर एमबीए करून, वीस वर्षं कंपन्यांना जोखीम कशी सांभाळायची ते शिकवतोय, आणि तेरा अँपिअरचा फ्यूज साडेसतरा अँपिअरला का उडाला नाही, हे मला माहीत नव्हतं. मग दिवाळीपर्यंत मी हेच वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यात आपला इथला प्लग येतो, आपल्या गावच्या घरातला चिनी मातीचा फ्यूज येतो, आणि एक बाई येतात, ज्यांचं नाव इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना तरी माहीत असायला हवं.

पहिली गोष्ट जी मला चकित करून गेली ती ही, की फ्यूजची कल्पना घरोघरी वीज येण्याच्या आधीची आहे. १८४७ साली फ्रान्समध्ये लुई ब्रेगे नावाच्या घड्याळं आणि यंत्रं बनवणाऱ्या घराण्यातल्या माणसाला तारखात्याची काळजी पडली होती. तारेच्या खांबांवर वीज कोसळायची, ती तारेवरून थेट तार-कचेरीत शिरायची, आणि यंत्रही जायचं आणि तिथे बसलेला माणूसही धोक्यात यायचा. ब्रेगेने सुचवलं की कचेरीत शिरण्याआधी तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा. जास्तीचा झटका आला की तो तुकडा जळेल, पुढचं वाचेल. फ्यूज तो एवढाच. साखळीत एक कडी मुद्दाम कच्ची ठेवायची, आणि ती कुठे ठेवायची ते आपण आधी ठरवायचं.

मग १८८० च्या आसपास विजेचे दिवे आले. एडिसनने ४ मे १८८० रोजी अमेरिकेत या बारीक तारेचं पेटंट घेतलं. त्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तो एका घराला दिवे विकत नव्हता, तो आख्ख्या मोहल्ल्याला एकाच जाळ्यावरून वीज देऊ पाहत होता. लंडनचं हॉबर्न व्हायाडक्ट आणि न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट, ही त्याची दोन्ही केंद्रं १८८२ साली सुरू झाली. अशा जाळ्यात एका घरात दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे आपण ज्याला शॉर्ट म्हणतो तो झाला, तर साऱ्या रस्त्याचा प्रवाह त्या घराकडे धावणार. तारा लालबुंद होणार. ते घर पेटणार आणि शेजारी अंधारात बसणार. गॅसच्या दिव्यांची सवय असलेल्या लोकांना एका आगीची बातमी पुरली असती, विजेचा धंदा तिथेच बसला असता.

त्याच १८८२ मध्ये लंडनच्या तार-अभियंत्यांच्या सोसायटीने विजेच्या दिव्यांमुळे आगी लागू नयेत म्हणून काही नियम छापले. मोजक्या पानांची पुस्तिका होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मुख्य मंडलात सहज वितळणाऱ्या धातूची सुरक्षा-तार असावी, म्हणजे प्रवाह नको तितका वाढला की ती वितळून वीज तुटेल. आज आपल्या घरी इलेक्ट्रिशियन येऊन सर्टिफिकेट देतो ना, ज्याच्यावर बीएस ७६७१ असं लिहिलेलं असतं, ती नियमावली म्हणजे त्याच पुस्तिकेची अठरावी आवृत्ती. दीडशे पानांची नव्हे, आता पाचशेहून जास्त पानांची झाली आहे, तो भाग वेगळा.

तार किती बारीक ठेवायची, याचा हिशेब सुरुवातीला अंदाजपंचे होता. शिसं, कथील, काय हाताला येईल ते. ब्रिटिश टपालखात्याचे इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात निरनिराळ्या तारा वितळवून पाहिल्या आणि एक सूत्र दिलं. ते पाठ करायची गरज नाही, पण त्यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा. तार दुप्पट जाड केली तर ती वितळायला दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट प्रवाह लागतो. तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार साधारण सात अँपिअरला वितळते. अर्ध्या मिलिमीटरची अठ्ठावीसला. एक मिलिमीटरची थेट ऐंशीला. डोळ्यांना फरक केसाएवढा दिसतो.

आणि इथे मला आमच्या सांगलीच्या घराची आठवण येते.

तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. दरवाज्याच्या वर लाकडी फळी, तिच्यावर काळा मीटर, लोखंडी मेन स्विच, आणि शेजारी चिनी मातीचे पांढरे किटकॅट. किटकॅट म्हणजे आमच्यासाठी आधी फ्यूज, चॉकलेट फार नंतर. सणासुदीला हमखास फ्यूज जायचा. मग अप्पा स्टुलावर चढायचे, मी खालून टॉर्च धरायचो. किटकॅट ओढून काढायचा, त्याच्या दोन स्क्रूंमध्ये जळून काळी झालेली तार खरवडायची आणि नवी बसवायची. दुकानात पाच अँपिअरची, पंधरा अँपिअरची अशी फ्यूज वायर कार्डावर गुंडाळलेली मिळायची. पण ती घरात असेल तर ना! अप्पा जुन्या फ्लेक्झिबल वायरचं टोक सोलायचे, त्यातले तांब्याचे केस सुटे करायचे आणि एकाऐवजी तीन केस पिळून लावायचे. "आता महिनाभर बघायला नको," असं म्हणून खाली उतरायचे. आम्हाला केवढं कौतुक!

प्रीससाहेबांच्या सूत्रात अप्पांची तार घालून पाहिली. ०.२ मिलिमीटरचा एक केस सात अँपिअरला गेला असता. तीन मिळून वीस-एकवीसला. आणि भिंतीवर सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेली वायर होती फक्त दिवे-पंख्यांच्या लोडापुरती. म्हणजे कच्ची कडी आम्ही पक्की केली, आणि कच्चेपण तिथून उठून भिंतीत जाऊन बसलं. पुढे घराला रंग काढताना वायरमनकाकांनी एक पट्टी उघडली, तर आतल्या वायरचं रबर काळं पडून पापडासारखं मोडत होतं. ते अप्पांना काही बोलले नाहीत. फक्त तो तुकडा त्यांच्या हातात दिला. अप्पांनी तो बराच वेळ बघितला आणि खिशात टाकला.

आपल्या लोकांनाच नावं ठेवायला नकोत. अमेरिकेत स्क्रूसारखे फिरवून बसवायचे काचेचे फ्यूज असत, आणि लोक त्यांच्यामागे एक सेंटचं नाणं सरकवत. त्याचा इतका सुळसुळाट झाला की पुढे प्रत्येक अँपिअरला वेगळ्या मापाचा आटा असलेले फ्यूज काढावे लागले, म्हणजे पंधराच्या जागी तीसचा बसूच नये. वीज गेल्याचा वैताग माणसाला लगेच जाणवतो, भिंतीत तापणारी वायर जाणवत नाही. माझ्या धंद्यातही हेच बघतो. सर्व्हरची सूचना सारखी वाजते म्हणून लोक सूचनाच बंद करून ठेवतात.

आता प्लगकडे येऊ. मुंबईत १९०५ साली वीज आणि ट्रामची कंपनी आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईला मिळू लागली. ही सगळी मांडणी ब्रिटिश काळातली, म्हणून सामानाची मापंही ब्रिटिश. १९३४ साली ब्रिटनमध्ये गोल पिनांच्या प्लगचं एक मानक ठरलं, बीएस ५४६. दोन, पाच, पंधरा, तीस अँपिअर, प्रत्येकाचा आकार वेगळा. त्यातले पाच आणि पंधरा म्हणजे आपण गावाकडे वापरतो तेच! पाच अँपिअरची साधी थ्री-पिन आणि पंधरा अँपिअरचा गलेलठ्ठ पॉवर प्लग, जो गीझरला आणि फ्रिजला लागतो. भारतीय मानकात आता त्यांना सहा आणि सोळा अँपिअर म्हणतात, पण घराणं तेच.

त्या पद्धतीत फ्यूज प्लगमध्ये नव्हता. तो बोर्डावर असायचा, प्रत्येक मंडलाला एक. आणि जास्त लोडाची वस्तू कमी ताकदीच्या मंडलावर लागू नये म्हणून आकारच वेगळा केला होता. पंधराचा जाड पिनांचा प्लग पाचच्या भोकात जातच नाही. ही युक्ती मला अजूनही आवडते. कुणाला काही वाचावं लागत नाही, समजून घ्यावं लागत नाही, नुसता प्लग शिरत नाही. अर्थात बाजारात ॲडॉप्टर आले आणि युक्ती संपली. इंग्रजांच्या घरीही बाया दिव्याच्या होल्डरमधून इस्त्री चालवत, आणि आमच्याकडेही.

मग ब्रिटनने ही पद्धत सोडली का?

त्याचं उत्तर युद्धात आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, घरंच्या घरं बॉम्बखाली गेली होती, आणि युद्ध संपल्यावर लाखो घरं नव्याने बांधावी लागणार हे दिसत होतं. तांबं मिळत नव्हतं. पुढच्या काळात प्रत्येक खोलीत विजेचा हीटर लागणार हेही दिसत होतं. पण कुठल्या खोलीत कुठे लावणार, हे आधी कसं सांगणार? जुन्या पद्धतीने प्रत्येक मोठ्या सॉकेटला बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर ओढायची म्हणजे तांब्याचा नुसता चुराडा. म्हणून इंजिनिअरांच्या संस्थेने युद्धोत्तर घरांसाठी समिती नेमली. वीस जणांची. त्यात बाई एकच. कॅरोलाइन हॅस्लेट.

या बाईंविषयी थोडं थांबून सांगतो. १८९५ चा जन्म. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत कारकून म्हणून लागल्या आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकल्या. १९१९ मध्ये स्त्री-इंजिनिअरांची संस्था निघाली, तिच्या त्या पहिल्या सेक्रेटरी. १९२४ मध्ये विजेविषयी स्त्रियांची वेगळी संघटना निघाली, तिच्या त्या पहिल्या संचालक. त्यांना मनापासून वाटायचं की बाईचा जन्म कोळसा ओढण्यात, चुली घासण्यात आणि कपडे पिळण्यात जातो, त्यातून तिला कुणी सोडवेल तर वीज सोडवेल. पण त्यासाठी बाईला विजेची भीती वाटता कामा नये, आणि वीज भिण्यासारखी असताही कामा नये. समितीतल्या इतरांना वायरचा खर्च दिसत होता. हॅस्लेटबाईंना जमिनीपासून वीतभर उंचीवर असलेलं सॉकेट दिसत होतं, आणि त्याच्यासमोर रांगणारं मूल.

समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४७ मध्ये त्यातून नवं मानक छापलं गेलं, बीएस १३६३. तोच आपला इथला तीन चौकोनी पिनांचा प्लग. एका योगायोगाची गंमत वाटते. ज्या वर्षी इंग्रज भारत सोडून निघाले, त्याच वर्षी त्यांनी आपला गोल पिनांचा प्लगही सोडायचं ठरवलं. तो मागे आपल्याकडे राहिला.

आज घरी गेल्यावर या प्लगकडे नीट बघा. वरची अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब आहे. ती आधी आत शिरते आणि आतला पडदा बाजूला सारते, तेव्हाच खालची दोन भोकं उघडतात. म्हणजे मुलाने सॉकेटच्या खालच्या भोकात केसांची पिन घातली तरी पुढे पडदाच. म्हणून बाजारात मिळणारी ती प्लास्टिकची झाकणं इथल्या सॉकेटला लावू नका. त्यातली काही अर्थच्या जागी पिन घालून तो पडदाच उघडून ठेवतात.

वायरिंगची युक्ती याहून मोठी. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र वायर देण्याऐवजी बोर्डापासून एक वायर निघते, खोल्याखोल्यांतून फिरते आणि परत बोर्डाकडेच येते, प्रदक्षिणा घालावी तशी. तिला रिंग म्हणतात. प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज मिळते, म्हणून बारीक वायरवर काम भागतं आणि तांबं वाचतं. या प्रदक्षिणेला बोर्डावर एकच फ्यूज, तेव्हा तीस अँपिअरचा, आता बत्तीसचा ब्रेकर.

पण मग एक पेच उभा राहतो. टेबललॅम्पची वायर शेवयीएवढी. ती सहा अँपिअरला दमते. तिच्यात बिघाड होऊन वीस अँपिअर वाहू लागले तर बोर्डावरचा तीसचा फ्यूज ढिम्म हलणार नाही, आणि दिव्याची वायर पडद्याशेजारी पेटेल. भारतातल्या पद्धतीत बोर्डावरचा पाचचा फ्यूज निदान कागदोपत्री तरी तिला सांभाळत होता. इथे तो मोठा झाला. म्हणून समितीने प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा छोटा फ्यूज घातला. एक इंच लांब, पाव इंच जाड, आत वाळू भरलेली. तार वितळली की जी ठिणगी उठते ती वाळू गिळते. लॅम्पसारख्या वस्तूंना लाल रंगाचा तीन अँपिअरचा, किटलीला आणि हीटरला तपकिरी तेराचा.

तेव्हा फ्यूजवाल्या प्लगचे दुसरेही प्रकार स्पर्धेत होते. एकात तर प्लगची एक पिन म्हणजेच फ्यूज होता, आट्याने फिरवून बसवलेला. तो कधी कधी आपोआप सैल व्हायचा. मग प्लग ओढला की प्लग हातात आणि पिन सॉकेटात. तो टिकला नाही यात नवल काय!

गोल पिनांचा प्लग मात्र इथून पूर्ण गेला नाही. लंडनमध्ये नाटकाला गेलात आणि कधी पडद्यामागे जायची संधी मिळाली, तर वर टांगलेल्या दिव्यांचे प्लग बघा. आपल्या गीझरचा पंधरा अँपिअरचा गोल प्लग! नाटकवाल्यांनी तो मुद्दाम ठेवला, कारण वीस फूट उंचीवर दिव्याच्या प्लगमधला फ्यूज प्रयोग चालू असताना गेला तर शिडी लावणार कोण? त्यांना फ्यूज खाली, एका जागी, हाताशी हवा असतो. आमच्या अप्पांसारखा.

सांगायचा मुद्दा हा, की दोन्ही पद्धती आपापल्या घरात ठीक आहेत. भानगड होते ती आपल्यासारख्यांची, जे दोन्हीकडे सामान ने-आण करतात. भारतातून मिक्सर आणला, इडलीचं रुबुंचक आणलं, त्याला गोल पिनांचा प्लग. मग दोन पौंडांचा ट्रॅव्हल ॲडॉप्टर लावला. त्या ॲडॉप्टरच्या पोटात फ्यूज नसेल, तर मिक्सरची वायर आणि बोर्डावरचा बत्तीस अँपिअरचा ब्रेकर यांच्यामध्ये काहीही नाही. तुमच्या मिक्सरचा रखवालदार सांगलीच्या बोर्डावर राहिला, आणि इथला रखवालदार ज्या प्लगमध्ये असतो तो प्लगच तुम्ही वापरला नाही. ॲडॉप्टर घेताना फ्यूजवाला घ्या, किंवा प्लग कापून चांगला इथला बसवून घ्या. मिक्सरला बहुधा पाचचा पुरतो, वर किती वॉट लिहिलंय ते पाहून भागिले दोनशे तीस करा.

उलटं गेलात तरी पेच आहेच. इथली तीन हजार वॉटची किटली आईसाठी पुण्याला नेली, म्हणजे तेरा अँपिअर झाले. ती ॲडॉप्टरवरून साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटात घातली, तर दोन-चार दिवसांत सॉकेट तपकिरी पडतं. तिला सोळाचाच सॉकेट द्या. दुबई, दोहा, मस्कतला जे ऐकत आहेत, तुमच्याकडेही हाच चौकोनी पिनांचा प्लग आहे, तेव्हा ही गोष्ट तुमचीही आहे.

इथे १९९४ पर्यंत तर वस्तू प्लगशिवाय विकल्या जात. गिऱ्हाईक घरी येऊन स्वतः प्लग जोडायचं, शाळेत मुलांना ते शिकवायचे. तेव्हाच्या बहुतेक सुट्या प्लगांत तेराचाच फ्यूज भरलेला असे, आणि लोक तो तसाच लॅम्पलाही ठेवत. चॅरिटी शॉपमधून जुना दिवा घेतलात तर प्लग उघडून बघाच. तपकिरी असेल तर लाल घाला. पन्नास पेन्सचं काम आहे.

ब्रेकरविषयी दोन शब्द, कारण आता फ्यूज कमी आणि एमसीबी जास्त. घरगुती छोटा ब्रेकर १९२४ मध्ये जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने आणला. त्याच्या आत दोन वेगळी डोकी बसवलेली आहेत. एक दोन धातूंची पट्टी, जी लोड थोडा जास्त झाला की हळूहळू तापून वाकते. दुसरं लोहचुंबक, जे शॉर्ट झाल्याबरोबर क्षणात खटका पाडतं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्यात तांब्याचे तीन केस पिळून घालता येत नाहीत. वीसच्या जागी चाळीसचा बसवणारे महाभाग आहेतच, पण त्याला निदान दुकानापर्यंत जावं लागतं.

आणि आता काकांचा प्रश्न. फ्यूज का उडाला नाही?

दोन हजार पाचशे अधिक दीड हजार, चार हजार वॉट. भागिले दोनशे तीस, साडेसतरा अँपिअर. तेराच्या फ्यूजने तेराच्या वर जाताच उडावं, असं आपण धरून चालतो. पण मानकच सांगतं की त्याने दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे वीस-एकवीस अँपिअरपर्यंतचा भार अर्धा तास तरी सोसला पाहिजे. नाहीतर मोटर सुरू होताना येणाऱ्या छोट्या झटक्यालाही तो जात राहील. पंचवीसच्या आसपास गेलं, तर अर्ध्या तासाच्या आत त्याने उडायलाच हवं. आमचे साढेसतरा त्याच्या दृष्टीने सुखाचे होते. रिळाच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं मी नंतर वाचलं. पूर्ण उलगडल्यावर तेरा अँपिअर, गुंडाळलेलं असताना पाच. वेढ्यांच्या आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पाचच्या जागी साडेसतरा म्हणजे साडेतीन पट प्रवाह, बारा पट उष्णता. फ्यूजला रीळ गुंडाळलेलं आहे हे कळायचं काही साधनच नाही. त्याला फक्त स्वतःमधून जाणारा प्रवाह कळतो. नव्या रिळांमध्ये उष्णता ओळखून तुटणारा एक वेगळा खटका असतो, माझ्या जुन्यात नव्हता.

फ्यूज माणसालाही सांभाळत नाही, हेही याच ओघात सांगायला हवं. हृदयाची लय बिघडवायला एका अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, तिथे तेराचा फ्यूज काय करणार? ते काम बोर्डावरच्या आरसीडीचं, ज्याला भारतात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तीस मिलीअँपिअरचा फरक दिसला की ते तोडतं. त्याच्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं. ते दाबून किती वर्षं झाली? आणि दाब वाढला, म्हणजे गावाकडे न्यूट्रल तुटून अर्ध्या गल्लीचे दिवे भगभगून पेटतात आणि फ्रिज जातो, तिथेही फ्यूज बहुतेक वेळा उशिरा येतो. त्यासाठी आपण फ्रिजशेजारी स्टॅबिलायझर ठेवायचो, त्याच्यावर आई विणलेला रुमाल घालायची.

यंदाच्या गणपतीला हॉलच्या स्वयंपाकघरात बॉयलर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि शेगडी दुसऱ्या भिंतीच्या, अशी व्यवस्था केली आहे. मधे एक्स्टेन्शन नाही. काकांनी स्वतः कागदावर वॉट लिहून बेरीज केली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. आरसीडीचं बटण सजावटीच्या आदल्या दिवशी दाबायचं काम त्यांच्या नातीकडे आहे, वय वर्षं अकरा.

ते रीळ मी टाकून दिलं. टाकण्याआधी त्याच्या प्लगमधला फ्यूज काढून घेतला. परवा मीटर लावून पाहिला, बीप वाजला. तपकिरी, तेरा अँपिअर, जसाच्या तसा शाबूत. माझ्या टेबलाच्या खणात पडला आहे.